इटलीचे रक्तबंबाळ सिनेमे: ओढ कशाची, रेघ कुठे?

रातकिडा (धागाकर्ता)

इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, असले किळसवाणे इटालियन पिक्चर माणसं बघतात तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. १९६० ते ८० च्या दशकांतले इटलीचे गल्लाभरू सिनेमे मला मनापासून आवडतात, आणि त्यातलेच काही मला अजिबात सोसत नाहीत. असं का, ते दोन कोर्टकज्ज्यांवरून सांगतो.

पहिला लुचिओ फुल्चीच्या 'अ लिझर्ड इन अ वुमन्स स्किन' (१९७१) या सिनेमाचा. जीव मुठीत घेऊन पळणारी नायिका एक दार उघडते, तर आत कुत्री. पोटं फाडलेली, आतडी लोंबताहेत, काळजं अजून धडधडताहेत. हे खरंच आहे असं समजून फुल्चीवर प्राण्यांच्या छळाचा खटला झाला. त्याला वाचवलं कार्लो रांबाल्दीने. आपण बनवलेली नकली कुत्री त्याने कोर्टापुढे आणून ठेवली. हाच रांबाल्दी पुढे 'ई.टी.'तला परग्रहावरचा पाहुणा घडवून ऑस्कर घेऊन गेला.

दुसरा रुज्जेरो देओदातोच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'चा. ॲमेझॉनच्या जंगलात आदिवासींवर माहितीपट करायला गेलेले चौघे चित्रपटवाले परत येत नाहीत आणि त्यांनी केलेलं चित्रण एका प्राध्यापकाच्या हाती लागतं, अशी त्याची कथा. फेब्रुवारी १९८० मध्ये सिनेमा मिलानमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत जप्त झाला. सगळं खरंच घडलं असं वाटावं म्हणून कलाकारांकडून वर्षभर कुठेही झळकायचं नाही असा करार करून घेतला होता. तोच अंगाशी आला. कलाकार मेलेत की जिवंत आहेत असा प्रश्न उभा राहिला आणि देओदातोला त्यांना शोधून पुढे आणावं लागलं. सुळावर चढवलेल्या मुलीचं दृश्य कसं केलं तेही सांगावं लागलं: लोखंडी खांबाला सायकलची सीट जोडलेली, मुलगी तिच्यावर बसलेली आणि तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचा टोकदार तुकडा धरलेला. माणसं सुखरूप निघाली. प्राणी मात्र खरोखरच मारले होते. कोआटी (रॅकूनच्या जातीचा एक लहान प्राणी), मोठं कासव, साप, डुक्कर. माकडाचा प्रसंग दोनदा घेतला, म्हणून माकडं दोन मारली.

दोन्ही वेळा कोर्टाने एकच विचारलं: हे खरं आहे का? फुल्चीच्या बाबतीत उत्तर आलं, नाही, ही कारागिरी आहे. देओदातोच्या बाबतीत अर्धं उत्तर नाही असं आलं आणि अर्धं हो असं. माझी रेघ बरोबर इथे आहे. पडद्यावर किती रक्त सांडलं हा मुद्दाच नाही. ते कुणाच्या अंगातून काढलं, हा आहे.

आता ओढीबद्दल. पहिली गोष्ट कारागिरी. मारिओ बाव्हाने 'ब्लड अँड ब्लॅक लेस' (१९६४) केला तेव्हा कॅमेरा फिरवायला धड ट्रॉलीही नव्हती, लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यावर कॅमेरा ठेवून काम भागवलं. पण फॅशन हाउसमधल्या त्या पुतळ्यांवरून लाल, हिरवा, जांभळा उजेड सरकताना बघा. खुनी कोण हे आपण विसरतो. दारिओ अर्जेन्तोच्या 'सस्पिरिया'त (१९७७) तर रंगच अंगावर येतो आणि गोब्लिन या बँडचं संगीत कथेची वाट न बघता आपला ताबा घेतं. पैसा कमी, वेळ कमी, वर निर्मात्याची एकच अट, की लोक घाबरले पाहिजेत. ती पाळली की बाकी काय करायचं ते करायला दिग्दर्शक मोकळा. एवढी मोकळीक मोठ्या बॅनरच्या सिनेमात क्वचित मिळते.

दुसरी गोष्ट राग. फुल्चीचा 'डोन्ट टॉर्चर अ डकलिंग' (१९७२) बघा. दक्षिण इटलीतलं डोंगरातलं गाव, खालून गेलेला नवाकोरा महामार्ग. गावातले लहान मुलगे एकामागून एक मारले जाताहेत. मंत्रतंत्र करणाऱ्या एका बाईवर संशय येतो. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात, पण गाव सोडत नाही. स्मशानात पुरुष तिला गाठतात. गाडीतला रेडिओ मोठ्याने लावतात आणि साखळ्यांनी मारायला लागतात. एक गाणं संपतं, दुसरं सुरू होतं, ऑर्नेला व्हानोनीच्या आवाजातलं संथ, हळवं प्रेमगीत. मार चालूच. ते निघून गेल्यावर ती हातांवर सरपटत चढ चढते आणि महामार्गाच्या कडेला पोचते. सुट्टीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या सुसाट जाताहेत. काचेतून माणसं तिच्याकडे बघतात. एकही गाडी थांबत नाही. ती तिथेच मरते.

जखमा उघड्यावाघड्या दाखवल्या आहेत आणि मेकअप आज कच्चा वाटतो. तरी हा प्रसंग मी कधी कोरडेपणाने बघू शकलेलो नाही. त्या मारात मजा नाही. फुल्ची आपल्याला त्या बाईच्या बाजूला जमिनीवर ठेवतो आणि महामार्ग बांधणाऱ्या, सुबत्तेत आलेल्या इटलीकडे तिथून बघायला लावतो. ह्याच हातांनी पुढे निव्वळ घृणास्पद सिनेमेही केले, हे मला माहीत आहे. पण सभ्य सिनेमा जिथे कॅमेरा वळवतो तिथे हा वळवत नाही, आणि त्याचं या प्रसंगात चीज होतं.

तुमची रेघ कुठे आहे?

---

सायली_क

लेख आवडला. डकलिंगचं वर्णन वाचून तो बघावासा वाटला. पण तुमची रेघ फार सोयीची वाटते. कातडी सोलली ती खरी की खोटी, एवढंच बघितलं तर बाईचा प्रश्न सुटूनच जातो.

अर्जेन्तोचा 'टेनेब्रे' (१९८२) घ्या. त्यात एक स्त्री पत्रकार लेखकाला तोंडावर विचारते, तुमच्या पुस्तकांत बायकांबद्दल इतका द्वेष का? प्रश्न अगदी नेमका आहे. पुढे काय होतं? कॅमेरा लूमा क्रेनवर (कॅमेरा दुरून फिरवायच्या लांब यांत्रिक हातावर) चढतो, तिच्या घराच्या भिंतीवरून, खिडक्यांवरून, छपरावरून एका दमात सरकत जातो. दोनेक मिनिटं श्वास रोखून बघावं असं चित्रण. आणि ते संपतं कुठे, तर प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या गळ्यावरच्या वस्तऱ्याशी. म्हणजे टीका ऐकून घेतली, सिनेमात तिला जागाही दिली, आणि टीका करणारीलाच मारून दाखवलं. सुंदर स्त्रीचा खून पडद्यावर बघायला आवडतो अशा अर्थाचं अर्जेन्तो उघड बोललेला आहे. खुन्याचे काळे हातमोजे घातलेले हात त्याच्या सिनेमांत बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे असतात.

इथे कुणाला खरी इजा झाली नाही. तरी मला तो बघताना एकटं पडल्यासारखं वाटतं. हे तुमच्या रेघेत कुठे बसतं?

---

रातकिडा

सायली, नाही बसत. आणि बसवण्यासाठी मी रेघ वाकवणार नाही. मी सांगितली ती किमान अट आहे. ती पाळलेला सिनेमा चांगला असेलच असं नाही, पण ती मोडली की पुढचं बोलणं मला जमत नाही.

'टेनेब्रे'त अर्जेन्तोला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही असं मला वाटतं. तो प्रश्न त्याला टोचला, इतकं दिसतं. पण मारेकरी पुरुष इथे कुठून येतात, त्यांना काय हवं असतं, याची उत्सुकता त्याला बाईच्या मरणाच्या देखणेपणाइतकी कधीच नव्हती. फुल्चीचा 'द न्यूयॉर्क रिपर' (१९८२) तर मी शेवटपर्यंत बघू शकलो नाही. तिथे राग नाही, करुणा नाही, एका बाईमागून दुसरी बाई एवढंच.

---

वीतभर

मी यातला एकही बघितलेला नाही आणि बघणार नाही. आपल्याकडे बीभत्स हा रसच मानला आहे, पण तो एकटा कधी चालत नाही. महाभारतात युद्धानंतरचं रणांगण आहे, कोल्हे आहेत, गिधाडं आहेत, पण तिथे गांधारी उभी आहे. तिच्या शोकामुळे ते वाचणं सोसतं. रातकिडा यांनी सांगितलेल्या स्मशानातल्या प्रसंगात कदाचित तो शोक असेल. पण एका प्रसंगासाठी दहा सिनेमांचा चिखल का तुडवायचा?

---

तोरिनोकर

कामानिमित्त बरीच वर्षं इटलीत आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

हे सिनेमे ज्या काळात निघाले तो इथे 'शिशाची वर्षं' (शिसं म्हणजे बंदुकीची गोळी) म्हणून ओळखला जातो. १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या प्याझ्झा फोन्ताना चौकातल्या बँकेत स्फोट झाला, १७ माणसं गेली. पोलिसांनी आधी अराजकवाद्यांना धरलं. त्यातला जुझेप्पे पिनेल्ली पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. बॉम्ब नवफॅसिस्टांचा होता हे बाहेर यायला फार वर्षं गेली. १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरोंचं अपहरण आणि खून, २ ऑगस्ट १९८० ला बोलोन्या स्टेशनवर स्फोट, ८५ बळी. रोजच्या पेपरात रस्त्यावरची प्रेतं. मोठी माणसं अजून त्या दिवसांबद्दल आवाज खाली करून बोलतात.

त्यातूनच मिलान, रोम, नापोलीच्या रस्त्यांवरचे पोलिसी मारधाडीचे सिनेमे आले. फेर्नान्दो दि लेओचा 'मिलानो कालिब्रो ९' (१९७२) त्यातला माझ्या मते सर्वांत पक्का. त्यात एक पोलीस अधिकारी दुसऱ्याला गुन्हेगारी आणि गरिबी यांचा संबंध ऐकवतो, तेव्हा सिनेमा घडीभर थांबतो आणि ऐकतो. बरेचसे इतर सिनेमे मात्र 'कायद्याने पोलिसांचे हात बांधलेत, सरळ गोळ्या घाला' इथवरच येऊन थांबले. बघणाऱ्यांचा राग खरा होता आणि तो भलतीकडे वळवणं सोपं होतं.

दुसरं कारण पैशाचं. इटलीत सिनेमा हा गोरगरिबांचा रोजचा विरंगुळा होता. मोठ्या शहरांतून उतरलेली प्रिंट मग वस्त्यांतल्या, गावांतल्या स्वस्त थिएटरांत जाई, आणि तिथला प्रेक्षक आवाज टिपेला पोचल्याशिवाय पडद्याकडे बघत नसे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वर्षाला पन्नास कोटींच्या घरात तिकिटं विकली जायची. १९७६ मध्ये घटना न्यायालयाने स्थानिक खासगी टीव्हीला वाट मोकळी करून दिली आणि १९८० येईतो तिकिटं निम्म्यावर आली. घरबसल्या रोज फुकट सिनेमे मिळायला लागल्यावर थिएटरवाल्याने काय विकायचं? टीव्ही जे दाखवणार नाही ते. नरभक्षकांचे आणि झाँबींचे (उठून चालणाऱ्या मढ्यांचे) सिनेमे नेमके त्याच वर्षांतले आहेत.

---

गिरगावकर_जुना

+१. रॅम्से बंधूंचे सिनेमे बघत वाढलेल्यांना बाव्हाचा उजेड बघून घरी आल्यासारखं वाटेल. 'पुराना मंदिर'मधला (१९८४) निळा, हिरवा प्रकाश आणि धूर आठवा. तीच युक्ती, तसंच कमी बजेट, घरातलीच माणसं कॅमेऱ्यामागे.

अवांतर: इटलीच्या लोकांना आपला कबीर बेदी घरच्यासारखा आहे. १९७६ ची 'सांदोकान' मालिका तिकडे तुफान चालली. तिचा दिग्दर्शक सेर्जिओ सोल्लिमा आधी मारधाडीचे वेस्टर्न आणि गुन्हेपट करत होता. तिथे एकच माणूस सगळ्या प्रकारचे सिनेमे करायचा.

---

रानवाटा

गडचिरोलीत आदिवासी गावांतून काम करते, त्यामुळे 'कॅनिबल होलोकॉस्ट'बद्दल वेगळं सांगायचं आहे. प्राण्यांबद्दल सगळे बोलतात. माणसांबद्दल कुणी बोलत नाही.

सिनेमातल्या एका टोळीला यानोमामो म्हटलं आहे. हे खऱ्या लोकांचं नाव आहे. व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या जंगलात यानोमामी लोक राहतात. चित्रीकरण झालं तिथून कितीतरी लांब, कोलंबियातल्या लेतिसिया गावाजवळ, तिथल्या स्थानिक आदिवासींना घेऊन. म्हणजे चेहरे एकांचे, नाव दुसऱ्यांचं, आणि बलात्कार, नरमांसभक्षण हे सगळं त्या नावावर चिकटवलं. सिनेमाचं म्हणणं असं की खरे रानटी ते कॅमेरावाले गोरे. पण हे म्हणायला आधी आदिवासींना रानटी दाखवावं लागलं, नाहीतर तुलनाच उभी राहिली नसती. त्याच ऐंशीच्या दशकात सोन्याच्या लोभाने हजारो खाणवाले ब्राझीलमधल्या यानोमामींच्या जंगलात घुसले. मलेरियाने आणि बंदुकीच्या गोळ्यांनी माणसं मेली. बाहेरच्या जगात तोवर बऱ्याच जणांनी ते नाव फक्त या सिनेमात ऐकलेलं होतं.

रातकिडा, 'रक्त कुणाच्या अंगातून काढलं' हे तुमचं वाक्य मला पटलं. त्यात नावही धरा.

---

रातकिडा

रानवाटा, धरतो. आणि त्याच सिनेमातली आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला प्राण्यांइतकीच खुपते.

त्यात त्या चौघा चित्रपटवाल्यांनी आधी केलेल्या एका माहितीपटाचा तुकडा येतो. माणसांना गोळ्या घालून देहदंड देताहेत. टीव्हीवाली बाई प्राध्यापकाला सांगते की हे त्यांनी पैसे देऊन घडवून आणलेलं होतं. प्रत्यक्षात ते चित्रण खरं आहे, नायजेरिया आणि आग्नेय आशियातल्या खऱ्या देहदंडांचं, विकत घेऊन जोडलेलं. त्या सिनेमात खरोखर मेलेली माणसं फक्त तेवढीच, आणि सिनेमा त्यांनाच बनाव म्हणतो. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप, आणि त्याचं मरणसुद्धा त्याच्या नावावर राहिलं नाही.

ही वाट जुनी आहे. जाकोपेत्ती आणि मंडळींच्या 'मोन्दो काने'पासून (१९६२) जगभरातलं विचित्र आणि क्रूर गोळा करून विकायचा धंदा सुरू झाला. पुढे 'आफ्रिका अदियो'च्या (१९६६) वेळी काँगोतल्या एका देहदंडाची वेळ कॅमेऱ्यासाठी जुळवून घेतल्याचा आरोप जाकोपेत्तीवर झाला. चौकशीत तो निर्दोष सुटला. देओदातोने आपला सिनेमा अशाच पत्रकारितेविरुद्ध केला असं म्हटलं जातं, आणि रेड ब्रिगेड या अतिडाव्या सशस्त्र संघटनेच्या हिंसेचं टीव्हीवरचं वार्तांकन बघून कल्पना सुचली असं तो स्वतः सांगायचा. संगीतकारसुद्धा 'मोन्दो काने'चाच घेतला, रिझ ओर्तोलानी. इतकं सुरेल, कोवळं संगीत इतक्या क्रूर दृश्यांवर वाजतं की पोटात ढवळतं. ही जाण देओदातोला नक्की होती. म्हणूनच त्याने स्वतः तेच करावं याचा मला जास्त राग येतो.

---

कलम_कायदा

बंदीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ब्रिटनमध्ये व्हिडिओ आल्यावर हे सिनेमे सेन्सॉरविना घरोघर पोचले. टीव्ही-सिनेमातल्या अश्लीलतेविरुद्ध लढणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांच्या मोहिमेने आणि पेपरांच्या आरड्याओरड्याने वातावरण तापलं. सरकारी अभियोक्त्यांच्या यादीवर एकूण ७२ सिनेमे चढले, त्यातल्या ३९ वर खटले यशस्वी झाले. मग १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा आला. 'टेनेब्रे', 'कॅनिबल होलोकॉस्ट' दोन्ही त्या यादीत. परिणाम असा, की कुणाला ठाऊक नसलेले भिकार सिनेमे त्या यादीमुळे अमर झाले. आजही लोक तीच यादी हातात धरून सिनेमे शोधतात.

२०११ मध्ये तिथल्या सेन्सॉर मंडळाने 'कॅनिबल होलोकॉस्ट' फक्त १५ सेकंद कापून पास केला. कापला तो कोआटीला मारण्याचा भाग. बाकी प्राणी झटपट मारले असल्यामुळे १९३७ च्या प्राणीविषयक कायद्यात बसतात, असा निकष. झटपट मारलं तर चालेल आणि हळू मारलं तर नाही, हा कायदा मला समजतो, पण त्याने सिनेमाचा प्रश्न सुटत नाही. देखाव्यासाठी मारलं, हा दोष कात्रीने जात नाही.

माझ्यापुरतं, प्रौढांवर बंदी नको. पण बंदी नको म्हणजे दाखवलंच पाहिजे असंही नाही.

---

सायली_क

एक मुद्दा राहिला. इथे सगळे 'गल्लाभरू' सिनेमालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताहेत. बेर्तोलुच्चीचा 'लास्ट टँगो इन पॅरिस' १९७२ चाच, डकलिंगच्याच वर्षीचा. तो कलात्मक, त्याला ऑस्कर नामांकनं. मारिया श्नायडर तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बलात्काराच्या दृश्यात लोणी वापरणार ही गोष्ट तिला आधी सांगितली नव्हती, कारण तिची प्रतिक्रिया अभिनेत्री म्हणून नको, मुलगी म्हणून हवी होती, हे बेर्तोलुच्चीने २०१३ मध्ये कबूल केलं. तिने तर त्याआधीच, २००७ मध्ये सांगितलं होतं की ते अश्रू खरे होते. २०११ मध्ये ती गेली. तिचं बोलणं असताना कुणी फार ऐकलं नाही, त्याचा कबुलीजबाब आल्यावर जग हादरलं.

तेव्हा रातकिडांच्या रेघेवर उलट्या बाजूने येते. ती गल्लाभरू आणि अभिजात यांच्यामधून जातच नाही. रांबाल्दीची कुत्री एका बाजूला, देओदातोची माकडं आणि मारिया श्नायडर दुसऱ्या बाजूला.

---

रातकिडा

सायली, हे मी इतकं नेमकं मांडू शकलो नसतो. पूर्ण सहमत.

---

चित्रगुप्त_सातारा

सगळे प्रतिसाद वाचले. आमचा दहाबारा जणांचा सिनेमे बघायचा ग्रुप आहे, कॉलेजच्या पोरांपासून निवृत्त मास्तरांपर्यंत. पोरांचा हट्ट आहे की 'कॅनिबल होलोकॉस्ट' दाखवा, कारण तो सगळ्यात बदनाम. कापलेली प्रत दाखवावी का? काय करू?

---

रातकिडा

नका दाखवू. पोरांना एकट्याने बघायचा असेल तर ती अठराच्या वर आहेत, बघतील. पण दहा जणांना एका खोलीत बसवून तुम्ही दाखवणार म्हटल्यावर निवड तुमची असते. प्राण्यांचे भाग वगळलेली प्रत मिळते, पण ते देहदंड आणि यानोमामींचं नाव तसंच राहतं.

त्याऐवजी आधी 'ब्लड अँड ब्लॅक लेस' लावा. दीड तासाचाच आहे, आणि मास्तरांनाही रंगांबद्दल बोलायला भरपूर मिळेल. जमलं तर दुसऱ्या बैठकीत 'डोन्ट टॉर्चर अ डकलिंग'. त्यात लहान मुलांचे खून आहेत आणि एक मोठी बाई एका मुलापुढे उघडी बसल्याचा प्रसंग आहे. तो आज खटकतो आणि खटकलाच पाहिजे. त्यामुळे आधी सांगून ठेवा, ज्याला उठायचं त्याने उठावं. इटालियन ध्वनी असलेली प्रत घ्या. तेव्हाचे सगळेच सिनेमे नंतर डब व्हायचे, त्यामुळे ओठ कुठल्याच भाषेत पूर्ण जुळत नाहीत, पण इंग्रजी डबिंगमध्ये गावातल्या बायकांचे आवाज अगदीच निर्जीव झालेत. स्मशानाच्या प्रसंगात आवाज कमी करू नका. ते गाणं पूर्ण ऐकू आलं पाहिजे.

---

वीतभर

चित्रगुप्त, तारीख ठरली की इथे टाका. साताऱ्याला यायचं झालं तर डकलिंगला मी येईन, पहिल्या रांगेत नाही, दाराजवळ बसेन.